कृपादाने आणि त्यांची पारख

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जपून ठेवलेले आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत हे दर्शन खुले होते, तेव्हा लाखो माणसे रांगा लावून गेली. 'गोंयचो सायब' म्हणून ख्रिस्ती नसलेले गोवेकरही त्याला मानतात. 1622 साली रोमने त्याला संतपद दिले. त्या प्रक्रियेत त्याच्या नावावर जे चमत्कार जमा झाले, त्यांत एक भाषेचा होता: ज्या देशात जाई तिथली भाषा त्याला न शिकता बोलता येई.

झेवियरची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. 1542 च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला आणि वर्ष सरायच्या आत तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांमध्ये गेला. तमिळ त्याला येत नव्हते. मग त्याची आणि तिथली अशा दोन्ही भाषा जाणणारी माणसे गोळा करून, बऱ्याच खटपटीने त्याने प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या, त्या पाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली पोरे जमवत तो त्यांच्याकडून त्या म्हणवून घेऊ लागला. सात वर्षांनी जपानमधल्या कागोशिमाहून लिहिताना तर त्याने स्वतःला आणि सोबत्यांना पुतळ्यांची उपमा दिली: लोक भोवती बोलतात, आम्हाला उद्देशून बोलतात, आणि आम्ही मुके. भाषेसाठी असा घाम गाळणारा हा माणूस मला दंतकथेतल्या संतापेक्षा मोठा वाटतो.

ख्रिस्ती जगात शंभर-सव्वाशे वर्षे एक वाद धगधगतो आहे. पहिल्या शतकातल्या मंडळीला पवित्र आत्म्याने जी असाधारण कृपादाने दिली, ती आजही मिळतात की प्रेषितांच्या पिढीबरोबर संपली? या वादात दोन्ही बाजू पुरावे मांडतात, आणि झेवियरची गोष्ट दोन्ही बाजूंना थोडी अडचणीची आहे. चमत्काराची कथा किती लवकर वाढते ते तिच्यात दिसते. पण कथा खोटी ठरल्याने मूळ प्रश्न मिटत नाही, हेही तिच्यात दिसते.

मूळ यादी पौलाची आहे. साधारण इसवी सन 53 ते 55 च्या दरम्यान त्याने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या बाराव्या अध्यायात नऊ दाने येतात: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, ईश्वरी संदेश देणे, आत्मे ओळखणे, अन्य भाषा बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. करिंथ हे गजबजलेले बंदर होते आणि तिथली मंडळीही तशीच गजबजलेली होती. सगळे एकाच वेळी बोलत, ज्याला अन्य भाषा येई तो इतरांपेक्षा स्वतःला वरचढ समजे. पौलाने पत्र लिहिले ते या गोंधळाला आवर घालायला. सगळ्यांनाच सगळी दाने मिळत नाहीत, हे त्याने बजावले. चौदाव्या अध्यायात त्याने नियम घालून दिले: अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावे. कोणी देवाचा संदेश सांगितला तर इतरांनी तो पारखून घ्यावा. सभेत दहा हजार अगम्य शब्द बोलण्यापेक्षा पाच समजणारे शब्द बोललेले त्याला अधिक पसंत होते. आणि एवढे सगळे निर्बंध घालून झाल्यावर शेवटी तो म्हणतो की अन्य भाषांना मनाई मात्र करू नका.

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या चौदाव्या अध्यायात आहे. पण वाद होतो तो तेराव्यावर.

तेरावा अध्याय प्रीतीचा. लग्नात हटकून वाचला जातो तोच. त्यात पौल म्हणतो की संदेश बंद पडतील, भाषा थांबतील, कारण पूर्ण असे काही आले की अपूर्ण ते सरेल. आता हे 'पूर्ण' म्हणजे काय? दाने थांबली म्हणणाऱ्यांपैकी काहींनी त्याचा अर्थ लावला, पूर्ण झालेले नव्या कराराचे शास्त्र. शेवटचे पुस्तक लिहून झाले आणि दानांचे काम संपले. हा अर्थ मला ओढूनताणून काढलेला वाटतो. कारण दोनच वाक्यांनंतर पौल समोरासमोर पाहण्याविषयी, स्वतः जसे ओळखले गेलो तसे ओळखण्याविषयी बोलतो, आणि ते वर्णन ग्रंथाला लागू पडत नाही, ख्रिस्ताच्या पुनरागमनाला लागू पडते. रिचर्ड गॅफिन हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन अभ्यासक दाने थांबली या मताचे आजचे सर्वांत तोलामोलाचे समर्थक. त्यांनीही या वचनावर आपली इमारत उभारलेली नाही. त्यांचा आधार इफिसकरांस पत्रातला आहे: मंडळीचा पाया प्रेषित आणि संदेष्टे यांचा, पाया एकदाच घालतात, मग वर भिंती चढतात. हा युक्तिवाद वजनदार आहे. प्रेषितांचे अधिकारपद पुन्हा निर्माण होत नाही, हे दाने चालू आहेत म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक विचारी माणसांनाही मान्य असते. पण करिंथच्या सभेत उठून एखादे वचन सांगणारा सामान्य माणूस त्या पायातला दगड होता का, याचे उत्तर त्या पत्रात मिळत नाही.

इतिहासाचा दाखला दोन्हीकडे वळवता येतो. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बिशप इरेनियस लिहितो की त्याच्या काळात मंडळीत रोगी बरे होतात आणि लोक अनेक भाषांत बोलतात. त्याच शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियात माँटेनस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया देवाच्या नावाने बोलू लागल्या. बिशपांनी त्यांना बाहेर काढले, तरी टर्टुलियनसारखा बुद्धिमान लेखक त्यांच्या बाजूने गेला. या प्रकरणाने मंडळी कायमची सावध झाली. चौथ्या शतकाच्या शेवटी धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम करिंथकरांच्या पत्रावर प्रवचने देताना सरळ कबूल करतो की हा भाग दुर्बोध आहे, कारण तेव्हा घडत होते ते आता घडत नाही.

सर्वांत मनोरंजक आहे बिशप ऑगस्टीन. तरुणपणी त्याने लिहिले होते की मंडळी जगभर पसरल्यावर तसे चमत्कार चालू राहू दिले गेले नाहीत, नाहीतर माणसे डोळ्यांना दिसणाऱ्यातच अडकून पडली असती. म्हातारपणी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात तोच माणूस आपल्या हिप्पो शहरातल्या बऱ्या झालेल्या लोकांच्या हकीकती एकामागून एक सांगतो. सेंट स्टीफनचे अवशेष तिथे आणल्यापासून दोन वर्षे पुरती झाली नव्हती, तेवढ्यात जवळजवळ सत्तर लेखी हकीकती जमल्या होत्या. बऱ्या झालेल्या माणसाने आपली हकीकत लिहून द्यावी आणि ती सभेत वाचली जावी, असा शिरस्ता त्याने घातला. या नोंदी आजच्या डॉक्टरला पटतील अशा नाहीत. पण लिहून घ्या, नाव सांगा, लोकांसमोर उभे राहा, ही शिस्त मला महत्त्वाची वाटते.

पुढची हजारभर वर्षे चमत्कार हा संतांचा आणि तीर्थस्थानांचा प्रांत झाला. प्रोटेस्टंट सुधारकांना रोमचे हे चमत्कार मान्य नव्हते. आमच्या शिकवणीला नव्या चमत्कारांची गरज नाही, ती प्रेषितांचीच आहे, असे कॅल्विनने उत्तर दिले, आणि तिथून 'दाने थांबली' हे मत प्रोटेस्टंट मंडळ्यांत रुजले. त्याला पक्का आकार दिला प्रिन्स्टनच्या बेंजामिन वॉरफिल्ड यांनी, 1918 च्या आपल्या 'बनावट चमत्कार' या आशयाच्या पुस्तकात. चमत्कार ही प्रेषितांची ओळखपत्रे होती, ओळखपत्र दाखवून झाल्यावर त्यांचे काम उरत नाही, हे त्यांचे सूत्र. फ्रान्समधल्या लूर्ड तीर्थापासून लंडनच्या एडवर्ड अर्व्हिंग या पाळकाच्या सभांपर्यंत सगळ्यांची त्यांनी झडती घेतली. ते पुस्तक छापले गेले तेव्हा मात्र जग त्यांच्या हातून निसटलेले होते: दाने आजही मिळतात असे म्हणणारी पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झालेली होती.

ती सुरू झाली कुठे, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर आहे अमेरिका. 1 जानेवारी 1901 रोजी कॅन्ससमधल्या टोपिका गावी चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेत ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. 1906 च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र असलेल्या विल्यम सेमूर यांनी एका पडक्या जुन्या चर्चमध्ये सभा सुरू केल्या. काळे आणि गोरे एकाच बाकावर बसत, आणि त्या काळच्या अमेरिकेत तेच अनेकांना चमत्कारापेक्षा धक्कादायक वाटले. शहरातल्या एका वृत्तपत्राने या 'विचित्र' सभांची थट्टा करणारी बातमी छापली ती 18 एप्रिलला. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला होता.

पारहॅम यांची एक ठाम समजूत होती. अन्य भाषा म्हणजे जगातल्या खऱ्या भाषा. त्या मिळाल्या की मिशनऱ्याला शिकत बसायला नको, थेट जाऊन प्रचार करावा. अल्फ्रेड आणि लिलियन गार हे जोडपे याच भरवशावर अझुसा स्ट्रीटहून निघाले आणि 1907 च्या सुरुवातीला कोलकात्यात कामाला लागले. आपल्याला बंगाली मिळाली आहे, अशी गार यांची खात्री होती. बंगाल्यांशी बोलताना काय झाले असेल त्याची कल्पना करता येते. गार यांनी नंतर लिहिले की स्थानिक लोकांना त्यांच्या भाषेत असा प्रचार करता आलेला कोणी आपल्याला माहीत नाही. पण ते परत गेले नाहीत आणि अन्य भाषेतली प्रार्थनाही त्यांनी सोडली नाही. ही भाषा प्रचारासाठी नसून देवाशी बोलण्यासाठी आहे, असे त्यांचे मत बनले. पुढे हाँगकाँगला गेल्यावर तर ते रीतसर चिनी शिकायला बसले. अनुभवाने शिकवण दुरुस्त केल्याचे असे उदाहरण धर्माच्या इतिहासात विरळा.

प्रचलित उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे असल्याचा पुरावा आपल्याकडे आहे. 1860 मध्ये तिरुनेलवेलीच्या मुलखात जॉन ख्रिश्चन अरुलप्पन या तमिळ प्रचारकाच्या मंडळ्यांत अन्य भाषा आणि संदेश प्रकटल्याच्या नोंदी आहेत. टोपिकाच्या चाळीस वर्षे आधी. आणि मग केडगाव.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन दुष्काळाने उभे केले असे म्हटले तरी चालेल. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी मुली आणि विधवा आणल्या. शतकाच्या सुरुवातीला तिथे दीड-दोन हजार जणी राहत होत्या. वेल्समध्ये 1904 मध्ये मोठे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झाले; त्याचे लोण 1905 च्या आरंभी वेल्श मिशनऱ्यांमुळे खासी टेकड्यांत पोचले. रमाबाईंनी त्या जानेवारीत खास प्रार्थनागट सुरू केला. सत्तर जणींपासून सुरू झालेला हा गट जूनपर्यंत साडेपाचशेवर गेला. दिवसातून दोनदा त्या जमत.

29 जूनच्या रात्री, पहाटे साडेतीनच्या सुमारास, मोठ्या मुलींपैकी एक जागी झाली. आपल्यावर आत्म्याचा अग्नी उतरला आहे असे तिला जाणवले आणि ती मोठ्याने प्रार्थना करू लागली. शेजारची मुलगी उठली, तिला खरोखरच आग दिसली. ती धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्याची बादली उचलून आणली आणि ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आले की मैत्रिणीच्या अंगावर काहीच जळत नाही. मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या संथ स्वरात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली एकदम इतक्या मोठ्याने प्रार्थना करू लागल्या की त्यांना बोलणे थांबवावे लागले.

पश्चात्ताप, रडणे, हसणे, नाचणे, तासन्‌तास प्रार्थना. मुलींचे जथे आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागले. 1906 मध्ये पश्चिम भारतात अन्य भाषांचे प्रकारही सुरू झाले, आणि संशोधक गॅरी मॅगी यांनी दाखवून दिले की त्यांतले पहिले प्रसंग अझुसा स्ट्रीटची बातमी इकडे पोचण्याआधीचे आहेत. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातली ही घटना अमेरिकेची शाखा नव्हती. दुष्काळातून वाचलेल्या, बहुतेक निरक्षर आलेल्या मुली जगातल्या एका प्रचंड चळवळीच्या उगमापाशी उभ्या होत्या. मराठी इतिहासलेखनात रमाबाईंचे समाजकार्य येते, स्त्रीशिक्षण येते; हे पान बहुधा उलटून पुढे जातात. मला ती मोठी उणीव वाटते.

रमाबाईंनी हे सगळे कसे हाताळले ते पाहण्यासारखे आहे. या बाई भोळ्या नव्हेत. संस्कृत शास्त्रार्थावर कोलकात्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवलेली, इंग्लंडमध्ये अँग्लिकन धर्मगुरूंशी सिद्धांतांवर पत्रांतून झुंजलेली ही विदुषी. आरडाओरडा त्यांना आधी रुचला नव्हता. बाहेरचे मिशनरीही नाके मुरडत होते: ही भावनेची उधळण आहे, बायकांचा उन्माद आहे. 1907 मध्ये मिशनच्या 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रिकेत त्यांनी उत्तर दिले. एका रविवारी उपासनेहून परतताना एका खोलीच्या दाराशी मुली गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. आत एक मुलगी इंग्रजीत देवाची स्तुती करत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते. हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकल्याचे लिहिले आहे. आपल्या लोकांच्या भावना परदेशी साच्यात का कोंबायच्या, संजीवन भारतीयांच्या स्वभावाला मानवेल अशाच रूपाने येऊ द्या, असा त्यांचा आग्रह होता.

मात्र अन्य भाषा मिळाली तरच पवित्र आत्मा मिळाला, हा पाश्चात्त्य पेंटेकॉस्टलांचा दंडक त्यांनी मानला नाही. त्यांनी स्वतः अन्य भाषेत बोलल्याचा दावा कधी केला नाही, आणि त्यावाचून आपले काही अडले असेही त्यांना वाटले नाही. मुलीतला बदल, तिची प्रीती, तिची सेवा यांवर त्यांची नजर होती. त्याच वर्षांत त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. सुमारे अठरा वर्षे ते काम चालले आणि 1922 मध्ये त्या गेल्यावर, 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून ते बाहेर पडले. एकाच आवारात काही मुलींना न शिकता भाषा येत होती आणि त्यांची बाई रात्री दिव्याखाली कोश उघडून बसत होती. या दोन गोष्टींत विरोध आहे असे केडगावात कोणाला वाटले नाही.

मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत त्यांनी शिकागोच्या शाळेतली जुनी मैत्रीण मे हूव्हर हिला पाठवली. ती आणि तिचा नवरा विलिस हे चिलीतल्या वाल्परायझो बंदरात मेथडिस्ट काम करत होते. पुस्तिका वाचून तिथे प्रार्थना सुरू झाल्या, 1909 मध्ये संजीवन झाले, मेथडिस्टांनी हूव्हरना दूर केले आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी जन्माला आली. त्या मंडळीनेही अन्य भाषेचा दंडक घातला नाही. केडगावचा ठसा असा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उमटला. उलट 1914 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉडने दोनच वर्षांत अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली दृश्य खूण ठरवली. माझ्या मते रमाबाईंचा मार्ग पौलाच्या पत्राला अधिक धरून होता.

पुढची वाढ थोडक्यात सांगतो. 1967 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ड्यूकेन विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून कॅथलिकांत ही दाने मानणारी करिस्मॅटिक चळवळ सुरू झाली. तिला दार आधीच उघडलेले होते: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत कार्डिनल रुफिनी यांनी अशी दाने आता अगदी दुर्मिळ असल्याचे मांडले, कार्डिनल सुएनेन्स यांनी ती प्रत्येक श्रद्धावंताशी निगडित असल्याचे सांगितले, आणि परिषदेने 1964 मध्ये सुएनेन्सच्या बाजूने कौल दिला. दाने कृतज्ञतेने स्वीकारावी, खरी-खोटी ओळखण्याची जबाबदारी मंडळीच्या अधिकाऱ्यांची. पुढे वसई-मुंबईच्या कॅथलिक वस्त्यांतही करिस्मॅटिक प्रार्थनासभा रुजल्या. प्यू या संशोधन संस्थेने 2011 मध्ये केलेल्या अंदाजानुसार पेंटेकॉस्टल आणि करिस्मॅटिक मिळून 58 कोटींच्या वर माणसे होती, म्हणजे जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त. दाने थांबली असे म्हणणाऱ्याला या गर्दीचे काय करायचे ते ठरवावे लागते. पण गर्दी हा पुरावा नव्हे, हेही खरे.

विज्ञानाने काही बाजू तपासल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी अनेक देशांतल्या सभांतले अन्य भाषेतले बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. ती भाषा नसते, व्याकरण किंवा अर्थाची रचना तिच्यात सापडत नाही, ध्वनी बहुतांशी बोलणाऱ्याच्या मातृभाषेतलेच असतात. पण लय आणि स्वराघात मात्र भाषेसारखे. हा वेडाचा किंवा आजाराचा प्रकार नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूची चित्रे घेतली. भक्तिगीत गाताना आणि अन्य भाषेत बोलताना तुलना केली, तेव्हा अन्य भाषेच्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातली, म्हणजे जाणूनबुजून ताबा ठेवणारी, हालचाल कमी झालेली दिसली. आम्ही बोलत नाही, आमच्यातून बोलले जाते, असे त्या म्हणत होत्या. चित्र त्याच्याशी जुळते. बोलणारा कोण, हे चित्रातून कळत नाही. आणि पाच जणींवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

आजारपणाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिथे माणसाचा जीव पणाला लागतो. 2006 मध्येच हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांवरचा प्रयोग जाहीर केला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, अशा आपण कोणत्या गटात आहोत हे न कळलेल्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण 52 आणि 51 टक्के निघाले, म्हणजे फरक नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ते 59 टक्के होते. श्रद्धावंत म्हणेल, देव प्रयोगशाळेत हजेरी देत नाही, आणि त्यात तथ्य आहे. पौलाच्या यादीतले दान कोणाला मिळेल ते आत्मा ठरवतो, माणूस नाही. पण मग तोच नियम मैदानावर हजारोंची सभा भरवून अमुक वेळी अमुक जागी लोक बरे होतील अशी पत्रके वाटणाऱ्यालाही लागू करायला हवा.

लूर्डचे उदाहरण मी म्हणूनच महत्त्वाचे मानतो. फ्रान्समधल्या त्या तीर्थावर 1883 पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. रोग गंभीर होता का, निदान पक्के होते का, बरे होणे अचानक आणि पूर्ण होते का, ते वर्षानुवर्षे टिकले का, हे ते तपासते. सात हजारांहून अधिक लोकांनी तिथे बरे झाल्याचे नोंदवले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या घरात. म्हणजे शंभरातला एक. ज्यांना चमत्कार हवे आहेत त्यांनीच नव्व्याण्णव नाकारले.

संदेशांच्या बाबतीत अशी शिस्त फार उशिरा आली. 2020 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्पच जिंकणार, असे देवाने सांगितल्याचा दावा कितीतरी नावाजलेल्या करिस्मॅटिक संदेष्ट्यांनी केला होता. ट्रम्प हरले. काहींनी जाहीर माफी मागितली, तर माफी मागणाऱ्यांनाच अनुयायांनी शिव्या घातल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये याच चळवळीतल्या नेत्यांनी एकत्र येऊन निवेदन काढले: जाहीर सांगितलेला संदेश खोटा ठरला तर सांगणाऱ्याने जाहीर जबाबदारी घ्यावी. इतरांनी पारखून घ्यावे, ही पौलाची ओळ त्यांना एकोणीसशेहून अधिक वर्षांनी नव्याने लिहावी लागली.

आपल्याकडे हा प्रश्न घरापर्यंत येतो तो वेगळ्या रस्त्याने. प्रार्थनेने बरे होईल म्हणून मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याचे बोलणे जीव घेऊ शकते. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये लागू झालेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा या ठिकाणी स्पष्ट आहे. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळवणे आणि लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. कायद्यात धर्माचे नाव नाही, हे बरे आहे. पाळकाने आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याला त्याची आडकाठी नाही.

सापाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वासणारे साप हाती धरतील असे एक वचन आहे. सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा शेवट नाहीच. तरी अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागात जॉर्ज हेन्सली या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वचनाच्या आधारे उपासनेत विषारी साप हाती धरण्याची प्रथा रुजवली. 1955 मध्ये साप चावूनच तो मेला. त्याच्या मंडळ्यांत ही प्रथा आजही पुरती संपलेली नाही.

तर दाने चालू आहेत का? शास्त्रात ती थांबल्याचे कुठे लिहिलेले मला आढळत नाही, आणि ती थांबली असे म्हणण्यासाठी अरुलप्पनपासून केडगावच्या मुलींपर्यंत सगळ्यांना भ्रमिष्ट ठरवावे लागते. तेवढे धाडस माझ्यात नाही. पण ज्या पत्रातून दाने घ्यायची त्याच पत्रातून पारखही घ्यायला हवी, आणि दावे करणाऱ्यांपैकी फार थोडे ती घेतात. माझ्या ओळखीतले पाळक आपल्या मंडळीत आजारी माणसासाठी प्रार्थना झाली की पहिला प्रश्न विचारतात, डॉक्टरकडे कधी जाणार? बरे वाटले तर रिपोर्ट घेऊन या म्हणतात, आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत साक्ष द्यायला कोणाला उभे करत नाहीत. त्यांच्या सभेत अन्य भाषेत प्रार्थना होते. अर्थ सांगणारा कोणी नसला की ते माइक बंद करतात.